दळवीकाकांचा शुक्रवार

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या एका पत्रावर मी सही केली आणि नंतर दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. पत्र अगदी साधं होतं. पार्किंग क्रमांक सात रिकामं झालं आहे, ते दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला देण्यात येत आहे, खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही. संध्याकाळी उतरून बघितलं. बाकी सगळ्या जागांवर तेलाचे काळे डाग आहेत, सातवर एकही नाही. अकरा वर्षं तिथे एक जुनी गाडी उभी होती, हे नव्या माणसाला सांगितलं तर पटायचं नाही.

दळवीकाका गेलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. अशी सुरुवात वाचली की लोक लगेच हळहळायला लागतात. काका आहेत, कोलशेतला मुलीकडे बाविसाव्या मजल्यावर असतात. गाडी नाशिकच्या कुणा शौकीन माणसाने नेली. पण मी ज्या काकांना ओळखायचे ते स्टिअरिंगमागे बसलेले काका होते, आणि ते आता कुठेच नाहीत.

आमची ओळख भांडणातून झाली. मी डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या वाटेवर राहते, घरी गणिताच्या शिकवण्या घेते, आणि दुसरं कुणी पुढे येत नाही म्हणून वर्षानुवर्षं सेक्रेटरी आहे. एका सकाळी टेम्पोवरून एक गाडी खाली उतरवली गेली. गाडी कसली, सांगाडाच तो. काचा नाहीत, चाकांत हवा नाही, मागच्या सीटवर कोंबड्यांची पिसं. पहिल्या मजल्यावरचे दळवी, कंपनी बंद पडल्याने घरी बसलेले, हात मागे बांधून त्या सांगाड्याभोवती फेऱ्या मारत होते. महिन्याभरात तक्रारी आल्या आणि मी नोटीस काढली की आपले वाहन आखलेल्या रेषेच्या पाच इंच बाहेर येत आहे.

दुसऱ्या दिवशी काका दारात. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात स्टीलची पट्टी. मी भांडायच्या तयारीनेच दार उघडलेलं.

ते म्हणाले, "सेक्रेटरीबाई, पाच नाही, सव्वातीन. तेवढं दुरुस्त करून द्या, मग गाडी आत घेतो."

मला वाटलं थट्टा करतायत. पण हा माणूस खरंच थांबून राहिला. शेवटी मी खाली गेले, स्वतः पट्टी लावली, तर सव्वातीनच. नोटीस बदलून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात घातली आणि जॅक लावून गाडी मोजून सव्वातीन इंच आत सरकवली. गणित शिकवणारी मी, आणि माझी चूक एका फिटरने काढली, याचा मला आठवडाभर राग येत होता.

काका कोलशेतच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. तिथे केसाएवढा फरक म्हणजे माल भंगारात. ती सवय अंगात मुरलेली. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, फीलर गेज असायचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा. कुणाच्या घरी गेले तरी बोलता बोलता कपाटाच्या दाराच्या फटीत एक पातं घालून बघायचे आणि मान हलवून परत खिशात टाकायचे. काय बघितलं ते सांगायचे नाहीत. यजमान मात्र ते गेल्यावर कपाटाकडे संशयाने बघत बसायचे. आमच्याकडे त्यांनी फ्रिजच्या दाराला पातं लावलं, त्या दिवसापासून मला तो फ्रिज नीट बंद होत नाहीसा वाटतो.

ती गाडी मुळात बाळकुमच्या एका जमीनदाराची. जमीन विकल्यावर त्याने हौसेने घेतलेली, मग हौस फिटली, मोठी जीप आली आणि ही अंगणात पडून राहिली. दिसायला चार दारांची साधी घरगुती गाडी, पण पोटात सोळाशे सीसीचं जपानी इंजिन, शर्यतीतल्या गाडीला शोभेल असं. काका रोज कंपनीच्या वाटेवर बसच्या खिडकीतून तिला बघायचे. रंग उडत गेलेला बघितला, चाकं बसलेली बघितली, गवत वाढलेलं बघितलं. कंपनीला कुलूप लागलं त्यानंतरच्या आठवड्यात ते उतरून त्या घरी गेले आणि गाडी मागितली. मालक हसून घेऊन जा म्हणाला. मालकाची बायको मात्र मध्ये पडली. मागच्या सीटवर तिची कोंबडी खुडूक बसली होती, पिल्लं निघाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही म्हणाली. काकांना यात काहीच वावगं वाटलं नाही. ते दर दोन दिवसांनी बाळकुमला जायचे, लांबून कोंबडीकडे बघायचे आणि परत यायचे. पिल्लं निघाली त्या दिवशी ते पेढे घेऊन गेले.

मग सहा वर्षं ते गाडी करत होते. "करत होते" हा त्यांचाच शब्द, जसं आपण स्वयंपाक करतो म्हणतो तसा. बाजारात न मिळणारे भाग एमआयडीसीतल्या जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर स्वतः काढायचे. इंजिन तीनदा उघडलं. रंग मूळचा कोणता होता हे शोधायला डिकीच्या रबराखाली खरवडून बघितलं, आणि तोच चढवला, वांग्याचा. या सगळ्या काळात वर पहिल्या मजल्यावर काकू अंथरुणाला खिळलेल्या होत्या. काका तासाभराने वर जायचे, त्यांना कुशीवर वळवायचे, पाणी द्यायचे, हात धुऊन परत खाली. काकू गेल्या तेव्हा गाडीला दारं लागायची होती.

गाडी झाली आणि नियम आले. दार आपटायचं नाही, नुसतं सोडायचं, ते आपसूक बसतं. डॅशबोर्डवर देव ठेवायचा नाही, त्याला उन्हाचा त्रास होतो. आणि हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्न वाजवला म्हणजे आपण उशिरा बघितलं, असं त्यांचं म्हणणं. डोंबिवलीत हॉर्नशिवाय गाडी चालवणारा माणूस म्हणजे लोकांना वेडाच वाटायचा. पण मी बघितलंय, रिक्षा कुठून घुसणार हे त्या रिक्षावाल्याच्या आधी काकांना कळायचं, आणि ते तेवढी जागा सोडून मोकळे.

गाडी बाहेर निघायची फक्त शुक्रवारी. हे इथल्या जुन्या कामगाराशिवाय कुणाला कळणार नाही. विजेचा भार वाटून द्यायचा म्हणून आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. पस्तीस वर्षं काकांचा रविवार शुक्रवारी आला आणि कंपनी बंद झाली तरी तो तिथून हलला नाही. शुक्रवारी दाढी, शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट, शुक्रवारी मटण, मग आजूबाजूला कुणाचा उपास असो.

असल्याच एका शुक्रवारी मला टिटवाळ्याला नणंदेकडे जायचं होतं. काका खाली गाडी पुसत होते. म्हणाले, बसा, मी गाडी मोकळी करायला निघालोच आहे. हा त्यांचा आणखी एक शब्द. आठवडाभर उभी असलेली गाडी आंबते, तिला मोकळी करून आणावी लागते.

शहाड सोडून मुरबाड रस्त्याला लागेपर्यंत मला काही विशेष वाटलं नाही. वरप मागे पडलं, रस्ता समोर रिकामा झाला, आणि काकांनी पाचव्या गिअरमधून तिसरा टाकला. कुणी पुढे ढकलावं तशी मी सीटला टेकले. घाबरायला हवं होतं, पण मला हसूच फुटलं. इंजिनाचा आवाज जाड होता तो बारीक होत चढत गेला, रस्त्याचं वळण आलं, आणि गाडी अशी वळली की मांडीवरचा पेढ्यांचा पुडा जागचा हलला नाही. काका पुटपुटले, "आवाज बघा, आवाज." त्यांचा चेहरा मी एरवी कधी बघितला नव्हता असा झाला होता. गाल वर आलेले, तोंड किंचित उघडं, आणि हात मात्र स्टिअरिंगवर इतके हलके की त्यांना तिथे काही कामच नसावं.

गोवेलीला चहासाठी थांबलो तेव्हा ते आपणहून बोलले. काकू गेल्या तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, बरं झालं, मोकळी झाली.

"माझ्या डोक्यात तिडीक जायची," काका म्हणाले. "मोकळं होणं म्हणजे काय, ते तिला या सीटवर बसवून एकदा दाखवायचं होतं हो मला."

मी त्या सीटवर बसून आले होते. मला चहा गोड लागेना.

त्यानंतर माझे शुक्रवार बिघडले ते बिघडलेच. शिकवण्या दहाला सुरू व्हायच्या, त्याआधी आम्ही तासभर फिरून यायचो. बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली. एकीने लिफ्टमध्ये विचारलं, काय मॅडम, आज कुठे दौरा? मी म्हटलं, तुम्हीही या, मागची सीट रिकामी आहे, कोंबड्या उठल्यात. परत कुणी विचारलं नाही.

काकांची एक इच्छा मात्र मुरबाड रस्त्याने भागणारी नव्हती. मोठागावहून खाडीवर पूल होत होता, थेट माणकोलीला. तो झाला की हायवेने माजिवडा आणि आत कोलशेत. आयुष्यभर ट्रेन, बस आणि पायपीट करून ते कामावर गेले होते. आता कारखान्याच्या जागी टॉवर उभे होते आणि योगायोग असा की त्यातल्याच एकात त्यांच्या मुलीने, स्मिताने, घर घेतलं होतं. काकांना आपल्या हाताने केलेली गाडी आपल्या हाताने चालवत त्या पुलावरून न्यायची होती आणि जुन्या गेटपाशी उभी करायची होती. गेट राहिलेलं नाही हे त्यांना माहीत होतं. तरी ते गेटच म्हणायचे. शुक्रवारी फिरून आलो की चहाचा कप घेऊन गच्चीवर जायचे आणि पुलाचे किती गाळे जोडले गेले ते मोजायचे. एका शुक्रवारी म्हणाले, तुम्ही मोजा, माझा चष्मा खाली राहिला. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी ते बघितलं आणि गाळे मोजून दिले. पुढच्याच आठवड्यात काकांनी हॉर्न वाजवला. कल्याणला दुर्गाडीच्या वळणावर, डावीकडून आलेल्या सायकलवाल्याला. मी चमकून त्यांच्याकडे बघितलं, ते सरळ समोर बघत होते. महिन्याभरात तीनदा वाजवला, तेव्हा मात्र मी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं की यात नजरेच्या कडा आधी जातात, मधलं शेवटपर्यंत राहतं, गेलेलं परत येत नाही, औषधाचे थेंब मात्र एकही दिवस चुकवायचे नाहीत. पण त्याआधी काकांनी भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली होती, वरून उलटी पण वाचू का म्हणून विचारलं होतं. मापाच्या माणसाला माप मिळालं. खालची ओळ दिसते म्हणजे डोळा पास, बाकी सगळं डॉक्टरांचं बोलणं. आणि खरं सांगायचं तर मीही तेच धरून बसले.

थेंबांनी डोळे चुरचुरायचे आणि तासभर धूसर दिसायचं. एकदा गाडीत बसता बसता काका सहज म्हणाले की शुक्रवारी मी थेंब घालत नाही, मशीनलाही वीकली ऑफ देतात, डोळ्यांना का नको. मी हसले. वाक्यच तसं होतं. वीकली ऑफ! दोन वर्षं दर शुक्रवारी त्या माणसाने डोळ्यांना सुट्टी दिली आणि मला ते माहीत होतं. डॉक्टरांना पुढे हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

पूल व्हायच्या चार महिने आधीची गोष्ट. मोठागावच्या रेल्वे फाटकाजवळ डावीकडून एक बाई स्कूटरवर आली, पुढ्यात लहान मुलगी उभी. मी ओरडले, काकांनी ब्रेक मारला. स्कूटर बंपरपासून हातभर अंतरावरून निघून गेली. ती बाई आम्हाला शिव्या घालत होती आणि बरोबरच घालत होती. काकांना ती स्कूटर दिसलीच नव्हती, अगदी समोर येईपर्यंत. मी म्हटलं, काका, स्मिताला सांगायला हवं.

त्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "सांगा. पण पूल होऊ दे. तोपर्यंत गाडी काढत नाही, शब्द देतो. एकदा पुलावरून जाऊ दे, मग किल्ली तुमच्याकडे."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सांगाडा आणल्यापासूनची वर्षं मी बघितली होती, मला नाही म्हणवलं नाही.

चार महिने त्यांनी शब्द पाळला. शुक्रवारी गाडी जागेवरच चालू करायचे, दहा मिनिटं आवाज ऐकायचे, बंद करायचे. त्या काळात ते थेंबही रोज घालायला लागले, शुक्रवारीसुद्धा. पण घराच्या उंबऱ्याला ठेचकाळायला लागले होते. गच्चीवर यायचं बंद झालं. मीच वर जाऊन बघून यायचे आणि येऊन सांगायचे की काका, आज शेवटचा गाळा बसला, आज कठडा झाला. ते विचारायचे, दिवे लागले का?

हलक्या वाहनांना पूल खुला झाला. पहिल्या शुक्रवारी सकाळी काका साडेसहालाच इस्त्रीच्या शर्टात खाली उभे होते. डावीकडचं मी बघायचं, उजवीकडचं ते आरशात बघतील, असं ठरलं. फाटक ओलांडलं, चढ लागला आणि आम्ही पुलावर आलो.

भरती होती. दोन्हीकडे पाणी काठोकाठ, तिवरांचे नुसते शेंडे वर. माणसं कठड्याशी उभी राहून फोटो काढत होती. मी डाव्या बाजूवरून नजर हलवली नाही, माझा जीव टांगणीला लागला होता. काका चाळिसाच्या वर गेले नाहीत. चाकाखाली पुलाचे सांधे एकामागून एक वाजत होते. उतार लागला, पूल संपला आणि मला रडूच आलं. म्हटलं, झालं बाई, या माणसाचा पूल झाला.

माणकोलीच्या अलीकडे रस्ता रुंद होतो तिथे त्यांनी सिग्नल देऊन गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. काच पुसायला रुमाल काढला आणि तसाच हातात धरून बसले.

"भरती होती का हो?"

"होती, काका. भरपूर पाणी होतं."

"मला रस्ता दिसला. पांढरा पट्टा, पुढच्या रिक्षाची पाटी." मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खाडी कुठल्या बाजूला होती?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना, काका."

त्यांनी मान हलवली. माप घेतल्यावर हलवायचे तशीच. मग उतरले, बॉनेटला हात लावत लावत वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि ते उघडलं. "उतरा. कोलशेत नको आता. परत फिरवा, तुम्ही चालवा. आणि सांगत चला."

माझ्याकडे लायसन होतं, भावाच्या छोट्या गाडीवर शिकलेले. ही गाडी काकांखेरीज कुणी चालवलेली नव्हती. दोनदा बंद पाडली. वळवून पुन्हा पुलावर घेतली आणि खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतसुद्धा गाडी हाताला लागली आणि अंगावर शहारा आला. पायाचा नुसता इशारा पुरत होता. असलं काही हा माणूस सोडून देत होता आणि मी त्याच्या जागेवर बसले होते.

मी सांगायला लागले. डावीकडे तिवरं आहेत, अर्धी बुडालेली. रेतीची एक होडी बांधून ठेवलीय, रिकामी आहे. पलीकडे रेल्वेचा पूल दिसतोय, त्याच्यावर मालगाडी उभी आहे. पाणी मातकट आहे, पण मध्ये ऊन पडलंय तिथे चमकतंय. बगळे आहेत, सात-आठ असतील. काका समोर बघत ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले, "तिसऱ्यात टाका, ओढतेय ती."

मी तिसरा टाकला आणि सांगत राहिले. उतार लागला. पत्र्याची घरं आली, फाटकाची रांग दिसायला लागली, चाकाखालचे सांधे वाजायचे थांबले. ते काकांना माझ्या आधी कळलं असणार. तरी माझ्याने थांबवेना. मी म्हटलं, अजून पाणी आहे, काका, खूप पाणी आहे, लांबपर्यंत आहे. आणि काका प्रत्येक वेळी हं म्हणत होते.